गुहा, समिती आणि नोंदवही

शाळेच्या नकाशात भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये 'पाल्कची सामुद्रधुनी' असं लिहिताना हा पाल्क कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. सर रॉबर्ट पाल्क १७६३ ते १७६७ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. हिंदुस्थानात आले ते धर्मोपदेशक म्हणून आणि परत गेले ते गडगंज होऊन. त्या पैशातून इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, त्यांनी जमीनजुमला केला. पुढे टॉर्की हे किनाऱ्यावरचं गाव त्यांच्या वंशजांच्या जमिनीवरच वाढलं आणि हवा पालटायला येणाऱ्या इंग्रजांचं आवडतं ठिकाण झालं. याच जमिनीच्या पोटात, मीडफूटच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, केंट्स कॅव्हर्न ही चुनखडीची गुहा आहे. पृथ्वीवर माणूस किती जुना, या वादात ज्या मोजक्या जागांची साक्ष निर्णायक ठरली, त्यांतली ही एक. तिथे खणणारे होते एक धर्मगुरू, एक शाळामास्तर, गावातली एक हौशी संस्था आणि पंधरा वर्षं न कंटाळता टिकलेली एक समिती. समित्यांचा आपला एकूण अनुभव पाहता शेवटची गोष्टच मला सगळ्यांत नवलाची वाटते.

गुहेचा खडक ३८ कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उथळ आणि उबदार समुद्राखाली होता. प्रवाळ आणि इतर समुद्री जीवांचे सांगाडे साचून त्यांचा चुनखडक झाला. भूगर्भशास्त्रातल्या 'डेव्होनियन' कालखंडाला नाव मिळालं ते याच परगण्यावरून. गुहा मात्र खडकाच्या मानाने अगदी अलीकडची. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, फटींतून झिरपतं आणि चुना विरघळवतं. तेच पाणी छतातून ठिबकताना चुना परत सोडतं. मग छताला सुळके लोंबतात, खाली खांब उभे राहतात, आणि पाणी जिथे पसरतं तिथे जमिनीवर चुन्याची सलग लादी तयार होते. ही लादी लक्षात ठेवायची, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच झालं.

आज समुद्र जवळ आहे म्हणून तो कायम जवळच होता असं नाही. हिमयुगात पाणी बर्फाच्या थरांत अडकलं की समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली जायची. टॉर बे या उपसागराच्या जागी तेव्हा गवताळ मैदान असायचं. त्यावर लोकरी गेंडे, मॅमथ आणि रानघोडे चरायचे, आणि तरस त्यांची हाडं ओढत गुहेत न्यायचे. उबदार काळात समुद्र परत चढायचा. जवळच्या होप्स नोज या टोकाला आजच्या भरतीरेषेच्या बरीच वर जुन्या पुळणीचा दगड झालेला पट्टा दिसतो. समुद्र आला, गेला, पुन्हा आला. गुहेत दर वेळी निराळं बिऱ्हाड.

माणसांची ये-जाही जुनीच. गुहेत 'विल्यम पेट्रे, १५७१' असं कोरलेलं आहे. गडकिल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांवर आपण चिडतो ते रास्तच, पण या गुहेत अशाच एका कोरणाऱ्याचे शास्त्रावर उपकार झाले. ते पुढे येईल.

पहिलं मुद्दाम केलेलं खोदकाम १८२४ मधलं. टॉमस नॉर्थमोर नावाचे गृहस्थ इथे मिथ्र देवाचं मंदिर असणार अशी अटकळ बांधून आले होते. मंदिर मिळालं नाही, हाडं मिळाली. त्या हाडांच्या ओढीने १८२५ मध्ये जॉन मॅकेनरी गुहेत उतरले. ते आयर्लंडमधल्या लिमरिकचे, आणि टॉर अ‍ॅबीच्या कॅरी कुटुंबाचे कॅथलिक धर्मगुरू. पुढची चार वर्षं, प्रकृती साथ देत नसताना, मेणबत्तीच्या उजेडात ते खणत राहिले. १८२६ मध्ये त्यांना करवती कडांचे, चपटे, वाकडे सुळे मिळाले. ते होमोथेरियम या नामशेष झालेल्या मोठ्या मांजरकुळातल्या श्वापदाचे. पण खरं अवघड दुखणं निराळंच होतं. चुन्याची लादी फोडून खालच्या लाल मातीत हात घातला, तर गेंड्या-तरसांच्या हाडांबरोबर चकमकीच्या दगडाची घडवलेली हत्यारंही येत होती.

त्या काळी हे म्हणणं सोपं नव्हतं. नामशेष झालेले प्राणी आणि माणूस एकाच काळात नांदले असं मानलं, तर बायबलवरून जगाचं वय सुमारे सहा हजार वर्षं ठरवणाऱ्या हिशेबाला तडा जात होता. शिवाय समोर विल्यम बकलंड होते. ऑक्सफर्डला भूगर्भशास्त्र शिकवणारे, गुहांतल्या हाडांचे तेव्हाचे सर्वांत मोठे जाणकार, आणि प्राणिसृष्टीतला जो जीव हाती लागेल तो खाऊन बघायच्या छंदासाठीही प्रसिद्ध. बकलंडांनी तोडगा सुचवला: पुरातन ब्रिटन लोकांनी गुहेत चुलींसाठी लादीत खड्डे पाडले असतील आणि त्यांतून हत्यारं खाली गेली असतील. मॅकेनरींनी खड्डे शोधले. त्यांनी जिथे खणलं तिथे लादी अखंड होती. हे त्यांनी लिहूनही ठेवलं, पण बकलंडांच्या अधिकारापुढे त्यांचा आवाज चढला नाही. पुस्तक निघणार, निघणार अशी जाहिरात झाली. ते निघालं नाही. १८४१ मध्ये मॅकेनरी वारले आणि त्यांची हस्तलिखितं घरच्या सामानाबरोबर विकली गेली. ती योगायोगानेच वाचली. १८५९ मध्ये त्यांतला काही भाग छापला गेला, आणि सगळा मजकूर छापून यायला १८६९ उजाडलं.

दरम्यान १८४४ मध्ये गावातल्या काही मंडळींनी 'टॉर्की नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. व्याख्यानं, पुस्तकं आणि शंखशिंपल्यांच्या पेट्या असा त्या काळच्या इंग्रजी गावातल्या संस्थेचा नेहमीचा थाट. पण या संस्थेने दोनच वर्षांत गुहेत स्वतःचं छोटं खोदकाम करवून घेतलं. निष्कर्ष मॅकेनरींचाच निघाला. एडवर्ड व्हिव्हियन या सभासदाने तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला. ऐकणाऱ्यांनी ऐकलं आणि विषय बाजूला पडला. गावातल्या हौशी लोकांनी म्हटलं म्हणून सहा हजार वर्षांचा हिशेब कोण मोडणार!

या मंडळींतच विल्यम पेंगेली होते. जन्म १८१२, कॉर्नवॉलमधल्या ईस्ट लू या बंदरातला. वडील किनारी व्यापारी जहाजावर होते. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांबरोबर जहाजावर गेला. गणित तो स्वतःच शिकला. पुढे टॉर्कीत येऊन पेंगेलींनी शाळा काढली, खडू-फळा वापरून मुलांना शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन किनाऱ्याचे खडक पालथे घातले. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १८६३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले ते निव्वळ कामाच्या जोरावर.

त्यांना हवी तशी संधी आली ती टॉर बेपलीकडच्या ब्रिक्सममध्ये. १८५८ मध्ये तिथे दगड काढताना एक गुहा उघडी पडली, जिला आधी कुणाचाही हात लागलेला नव्हता. ही गुहा शिस्तीत खणली पाहिजे म्हणून पाठपुरावा केला ह्यू फाल्कनर यांनी. हे फाल्कनर म्हणजे आपल्या सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे माजी प्रमुख, शिवालिक टेकड्यांतले हत्ती-गेंड्यांचे जीवाश्म जगापुढे आणणारे. रॉयल सोसायटीने पैसे दिले आणि खोदकामाची देखरेख पेंगेलींकडे आली. सलग लादीखालून मॅमथ-गेंड्यांच्या हाडांसोबत पुन्हा चकमकीची हत्यारं निघाली, आणि या वेळी लादीत कुणी खड्डा पाडला होता असं म्हणायची सोय उरली नव्हती. पुढच्या वर्षी प्रेस्टविच आणि एव्हन्स हे इंग्रज अभ्यासक फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात जाऊन तिथल्या अशाच पुराव्याची खात्री करून आले, आणि वारं फिरलं. ते आपल्याकडेही पोहोचलं. ३० मे १८६३ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला हातकुऱ्हाड मिळाली, आणि त्याच दशकात गोदाकाठी पैठणजवळच्या मुंगीला वाळू-गोट्यांच्या थरात अकीकाची छिलका-पाती मिळाल्याची नोंद झाली.

मग केंट्स कॅव्हर्नची पाळी. १८६४ मध्ये बाथला ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल. तिथे केंट्स कॅव्हर्न समिती नेमली गेली. लायल, जॉन एव्हन्स, जॉन लबक अशी मोठी नावं तीत होती, पण रोज खाली उतरणारा माणूस पेंगेलीच. जमीनमालक सर लॉरेन्स पाल्क यांनी परवानगी दिली. २८ मार्च १८६५ रोजी काम सुरू झालं आणि थांबलं ते १९ जून १८८० रोजी. मजुरांवर आणि मेणबत्त्यांवर होणारा खर्च असोसिएशन दर वर्षी मंजूर करत गेलं, आणि पेंगेली दर वर्षी अधिवेशनात उभे राहून अहवाल वाचत गेले. असे सोळा अहवाल आहेत.

खोदण्याची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आधी दारापासून आत एक आधाररेषा आखायची. तिला काटकोनात, एकेका फुटावर, समांतर पट्टे. पट्टा खणताना खोली मोजायची तीही एकेक फुटाने, आणि आडवं अंतर यार्डात. म्हणजे गुहेतल्या मातीचे, कागदावर, एक यार्ड लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असे ठोकळे पडले. एका वेळी एकच ठोकळा काढायचा. मजूर ती माती जागेवरच मेणबत्तीच्या उजेडात चाळणार. मग ती ढकलगाडीतून बाहेर, दिवसाच्या उजेडात पुन्हा तपासणार. त्या ठोकळ्यात जे काही मिळालं ते एका खोक्यात, खोक्यात तारीख नि क्रमांकाची चिठ्ठी, आणि तोच क्रमांक पेंगेलींच्या वहीत, जागेच्या तपशिलासह. तरसाने चघळलेलं हाड असो की चकमकीचा टवका, दोघांना वागणूक एकच. हे जवळपास रोज, पंधरा वर्षं. सुंदर वस्तू शोधत फिरणाऱ्या संग्राहकांच्या त्या जमान्यात हा मास्तर मातीच्या प्रत्येक फुटाची हजेरी घेत होता.

या हजेरीतून थरांचा उलगडा झाला. वर छतातून कोसळलेले धोंडे. त्याखाली काळी माती, तिच्यात रोमन आणि त्याच्या आधी-नंतरच्या काळातली भांडीकुंडी. त्याखाली दाणेदार चुन्याची लादी, कुठे काही इंच तर कुठे पाच फूट. दाराजवळच्या एका भागात लादीखाली कोळशाने काळा झालेला पातळ पट्टा होता: हिमयुगाच्या उत्तरार्धातल्या माणसांच्या चुली. तिथे हाडाची सुई आणि दातेरी हार्पूनही मिळाले. मग लाल मातीचा जाड थर, मॅकेनरींना छळणारा तोच: मॅमथ, लोकरी गेंडा, घोडा आणि तरसांची अख्खी गुहा. त्याखाली स्फटिकी चुन्याची आणखी एक लादी, काही ठिकाणी बारा फुटांपर्यंत. आणि तळाशी दगडासारखी घट्ट झालेली भरड, तिच्यात गुहावासी अस्वलांची हाडं आणि ओबडधोबड हातकुऱ्हाडी. हा तळाचा थर आज सुमारे पाच लाख वर्षांच्या घरातला मानला जातो. ब्रिटनमधल्या मानवी वावराच्या अतिशय जुन्या पुराव्यांत तो बसतो, आणि या हातकुऱ्हाडी करणारे आपल्या जातीचे नव्हतेच. ते आपल्याआधीचे कुणी.

आता तो कोरणारा. गुहेतल्या चुन्याच्या एका उंचवट्यावर 'रॉबर्ट हेजेस, आयर्लंड, २० फेब्रुवारी १६८८' अशी अक्षरं आहेत. त्यांच्यावर ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचा पारदर्शक पापुद्रा चढवला होता. पेंगेलींनी तो मोजला: जवळपास १८० वर्षांत जेमतेम १/२० इंच. याच वेगाने पाच फुटांची लादी धरली तर दोन लाखांहून अधिक वर्षं होतात. ठिबकण्याचा वेग सगळीकडे आणि सर्वकाळ सारखा नसतो, त्यामुळे या त्रैराशिकावरून आज कुणी थराचं वय काढत नाही. पण व्याख्यानाला आलेल्या माणसाला सहा हजार वर्षं अपुरी का पडतात हे पटवायला १/२० इंच पुरेसा होता. पेंगेली बोलायचेही रंगून.

१८७२ मध्ये त्यांना होमोथेरियमचा एक दात मिळाला. मॅकेनरींचे सुळे खरोखर याच गुहेतले का, अशी शंका घेणाऱ्यांना ते उत्तर होतं. तीस वर्षांपूर्वी वारलेल्या धर्मगुरूची बाजू अशी राखली गेली. त्यांचं हस्तलिखित शोधून, जुळवून, संपूर्ण छापून आणणारेही पेंगेलीच. या दुसऱ्या कामाला मी पहिल्याइतकंच मोल देतो.

टॉर्कीच्या सोसायटीने १८७६ मध्ये बॅबकम रोडवर संग्रहालयाची स्वतःची इमारत उभी केली. खोदकाम संपल्यावर वस्तू मात्र विखुरल्या. काही टॉर्कीत राहिल्या, बऱ्याच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेल्या, आणि कितीतरी वस्तू ठिकठिकाणच्या संग्रहांना वाटल्या गेल्या. चिठ्ठ्या टिकल्या तिथे वस्तूचा पत्ता टिकला. १८९४ मध्ये पेंगेली गेले. त्यांच्या नावाचं सभागृह संग्रहालयात आहे.

गुहेचं पुढचं आयुष्य अधिक संसारी. पाल्क घराणं आता लॉर्ड हॉल्डन झालं होतं, पण वैभव ओसरलं होतं. १९०३ मध्ये फ्रान्सिस पोव यांनी गुहा विकत घेतली, ती सुतारकामाला जागा हवी म्हणून. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी लाकडी खोपट्या लागत, त्या इथे बनत. जगाचं वय बदलणाऱ्या जागेत रंधा चालत होता! त्यांच्या मुलाने, लेस्ली पोव यांनी, पायवाटा बांधून आणि विजेचे दिवे लावून गुहा तिकीट घेऊन पाहण्याजोगी केली, आणि घराण्याचा तोच व्यवसाय झाला. टॉर्कीतच जन्मलेल्या अगाथा ख्रिस्तींचे वडील सोसायटीचे सभासद होते. १९२४ च्या 'द मॅन इन द ब्राऊन सूट'मध्ये बाईंनी हीच गुहा नाव बदलून वापरली आहे.

१९२६ पासून सोसायटीच्या मंडळींनी पुन्हा कुदळ हाती घेतली; हे खोदकाम १९४१ पर्यंत चाललं. १९२७ मध्ये दहा-साडेदहा फुटांवर मानवी वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, त्यात तीन दात. फार कुणी दखल घेतली नाही. १९८९ मध्ये ऑक्सफर्डला त्याचं वय सुमारे ३५ हजार वर्षं निघालं. पण तुकडा मजबूत करायला लावलेल्या डिंकाने तो आकडा बिघडला असावा, असं नंतर लक्षात आलं. जबड्यातून पुन्हा तपासायला पुरेसं द्रव्य निघेना. तेव्हा संशोधकांनी वाट बदलली: जबड्याच्या वर आणि खाली सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांची वयं काढायची आणि मधल्याचं वय त्यावरून ठरवायचं. २०११ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: ४४,२०० ते ४१,५०० वर्षं. खरं असेल तर वायव्य युरोपातल्या आपल्या जातीच्या माणसाचा तो तोवरचा सर्वांत जुना अवशेष.

पण 'वर आणि खाली' हे कुणाच्या भरवशावर? १९२७ च्या वहीच्या. 'नेचर'मधल्या निष्कर्षाच्या पुढच्याच वर्षी मार्क व्हाइट आणि पॉल पेटिट या पुरातत्त्वज्ञांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. त्या खोदकामाच्या नोंदी ढोबळ आहेत, थर कालवलेले असू शकतात, म्हणून जबडा आणि ती हाडं एकमेकांशेजारी होती हे खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून निवलेला नाही. प्रयोगशाळेतली यंत्रं कितीही सुधारली तरी तो तिथे मिटेल असं मला वाटत नाही. त्या फुटाफुटाच्या मातीत काय कशाच्या शेजारी होतं, हे लिहून घ्यायची वेळ १९२७ मध्ये येऊन गेली. विशेष हे की साठ वर्षं आधी त्याच गुहेत, मेणबत्तीच्या उजेडात, ते लिहिलं जात होतं. पेंगेलींच्या वह्यांवरून मॅकफार्लेन आणि लुंडबर्ग या दोघा संशोधकांनी २००५ मध्ये त्यांचं अख्खं खोदकाम संगणकावर पुन्हा रचून दाखवलं.

आणखी एक हाड सांगण्यासारखं आहे. २०१० च्या डिसेंबरात संग्रहालयाच्या कोठारात प्राण्यांच्या हाडांची यादी चालली असताना त्यांत माणसाच्या हाताचं हाड निघालं. १८६६ मध्ये पेंगेलींच्या खोदकामात मिळालेलं. त्यावर दगडी पात्याने केलेले बारीक काप होते. वय नऊ हजार वर्षांच्या आसपास. मृताचं मांस काढण्याचा कुठला विधी होता की माणसाने माणूस खाल्ला होता, यावर तज्ज्ञांची दोन मतं आहेत.

आज गुहा संरक्षित स्मारक आहे, आणि २००७ पासून 'इंग्लिश रिव्हिएरा' या जागतिक भू-उद्यानाचा भाग. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असणारी वटवाघळं तिच्यात राहतात. गुहा तिकिटावर चालते. १८४४ ची संस्था आणि तिचं संग्रहालय सभासदांवर आणि देणग्यांवर. खोदकामही पुरतं थांबलेलं नाही. २००९ मध्ये व्हाइट आणि पेटिट यांच्याच विद्यापीठांनी, डरॅम आणि शेफील्डने, इथे पुन्हा खणायला घेतलं. पेंगेलींनी न खणलेली माती गुहेच्या काही भागांत अजून शिल्लक आहे, आणि जबड्याच्या वादात जे काही नवं येईल ते बहुधा तिथूनच येईल.